खिडकीतून उठून गेलेली बाई

१

चित्र जागेवर होतं. चौकट तीच, भिंत तीच, खालची पितळी पट्टीही तीच: ‘जेवणाची सुट्टी’. फक्त चित्रातली बाई नव्हती.

शनिवारी सकाळी ताई दारातच थबकल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खिडकी होती. खिडकीच्या लाकडी झडपा होत्या, कट्ट्यावर पाण्याचा पेला होता, बाहेर झाड होतं. पण निळ्या कपड्यातली ती तरुण बाई, जी मान किंचित कलती करून, एका हातानं कानाची पाळी धरून, कितीतरी वर्षं बाहेर बघत बसली होती, ती जणू उठून निघून गेली होती.

कॉलेजच्या या कलादालनाचा कारभार ताईंकडे होता. पोरं त्यांना गॅलरीताई म्हणत, बाकीचे नुसतं ताई. पद संचालिकेचं, पण भिंतीत खिळा ठोकण्यापासून पाहुण्यांना चहा देण्यापर्यंत सगळं त्याच करत. सोमवारी उद्घाटन होतं. मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन. मास्तर म्हणजे या कॉलेजात उभा जन्म चित्रकला शिकवून गेलेले, सगळ्यांचे मास्तर. आणि ‘जेवणाची सुट्टी’ म्हणजे त्या प्रदर्शनाचा जीव.

नुसत्या प्रदर्शनाचाच नव्हे. सोमवारीच कॉलेजची समिती ठरवणार होती की दालन ठेवायचं की त्या जागी परीक्षांसाठी मोठा हॉल करायचा. दालनातलं सगळ्यांत मोलाचं चित्र हरवलं असं समितीच्या कानावर गेलं, की विषयच संपला.

ताईंनी मोबाइलवर फोटो काढला. मग चौकट अलगद उतरवून पालथी केली. मागच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून पुन्हा बसवलेले दिसत होते. बसवणाऱ्यानं कमालीचं नीटनेटकं काम केलं होतं. प्रत्येक स्क्रूची खाच बरोबर उभी, सगळ्या एका रेषेत, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या.

त्यांनी रंगावरून बोट फिरवलं. कोरडा. कट्ट्याचा पांढरा रंग मात्र जाड थापला होता, तिथं नख टेकवलं तर किंचित रुतलं. तैलरंग. जाड थर आतून वाळायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे हे काल रात्रीतून कुणी उरकलेलं काम नव्हतं, आणि जुनंपुराणंही नव्हतं.

नियमाप्रमाणे चोरीची खबर आधी रजिस्ट्रारना द्यायची. आणि दालन बंद करा म्हणून समितीच्या मागे लागलेला माणूस कोण? तर रजिस्ट्रारच.

ताईंनी चौकट परत टांगली, त्यावर पांढरी चादर टाकली आणि दाराला कुलूप घातलं. वळतात तो मागे सुतारकाका उभे.

“ताई,” ते म्हणाले, “आज दालन उघडायचं नाही असा हुकूम होता ना? मग तुम्ही आत काय करत होतात?”

२

“कसला हुकूम?” ताईंनी विचारलं.

“काल संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला. विजेची तपासणी आहे, सोमवार सकाळपर्यंत दालन बंद. तुम्हाला नाही मिळाला?”

ताई काल लवकर घरी गेल्या होत्या. एका चित्राखालचं वर्ष चुकलंय असं सकाळी डोक्यात आलं नसतं, तर त्या आज फिरकल्याही नसत्या.

सुतारकाका दालनाच्या चौकटी करत. दालनाच्या किल्ल्या तीन ठिकाणी: ताईंकडे, सुतारकाकांकडे आणि ऑफिसातल्या भिंतीवरच्या पेटीत. ताईंना त्यांच्यावर संशय घ्यायचा नव्हता, पण न घेऊन चालणारही नव्हतं.

“काका, काल शेवटचं कुलूप कुणी लावलं?”

“मीच की. मास्तरांची पुतणी आली होती ना, ती बराच वेळ ‘जेवणाची सुट्टी’समोर एकटी बसून होती. तिला म्हटलं, बाई, आता बंद करतो. ती उठली, मी कुलूप लावलं.”

“तेव्हा चित्र बरोबर होतं?”

“म्हणजे? चित्राला काय धाड भरलीय?”

ताईंनी विषय बदलला. पर्समधला एक सुटा स्क्रू काढून त्यांच्या हातावर ठेवला. “हा चौकटीच्या मागे हातानं बसवायचा, तर कसा बसवाल?”

काका हसले. “हातानं कोण बसवतं हल्ली? मशीन लावायचं, घर्रर्र, झालं. खाच कुठं तोंड करून थांबेल ते तिचं तिला माहीत.”

ताईंच्या मनावरचं थोडं ओझं उतरलं. गेटवर जाऊन त्यांनी रखवालदाराला गाठलं. काल संध्याकाळी कुणी आलं होतं का?

“छे! दालन बंद झाल्यावर चिटपाखरू आत आलं नाही, ताई. माझी ड्यूटी होती. गळ्याशपथ सांगतो.”

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मग चित्र गेलं कुठून?

३

पुतणी कॉलेजच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. व्हरांड्यात केस वाळवत बसली होती. ताईंनी आडवळण न घेता सगळं सांगितलं. माणूस बावचळतं तेव्हा खरं बोलतं, असा त्यांचा अनुभव होता.

पुतणीच्या हातातला कंगवा थांबला. “गेली? म्हणजे चित्र फाडलं कुणी?”

“नाही. बदललं. तुम्ही ते चित्र घरच्यांना परत मिळावं म्हणून अर्ज केला होता.”

“केला होता. आजही मिळालं तर हवंय, खोटं कशाला बोलू? काकांचं सगळ्यांत आवडतं होतं ते.” तिचे डोळे भरून आले. “पण मला ती हवी होती हो. ती बाई. तिच्याशिवायची खिडकी घेऊन मी काय करू? आणि तसली खिडकी मी रंगवणार कशी? मला साधं रांगोळीचं वर्तुळ जमत नाही.”

“ती बाई कोण, हे मास्तर कधी बोलले?”

“नाव कधीच घेतलं नाही. एवढंच म्हणायचे, की इथंच कामाला होती. टायपिस्ट. दुपारी सगळे जेवायला गेले की वरच्या मजल्यावरच्या वर्गात येऊन खिडकीत बसायची. काका म्हणायचे, दिवसभर दुसऱ्याची अक्षरं बडवून झाल्यावर ही बाई तेवढा वेळ स्वतःची असते. म्हणून काढली.”

तिथून ताई विभागप्रमुखांकडे गेल्या. चित्रकलेचे आताचे प्रमुख. वरच्या मजल्यावर बसत. त्या मोक्याच्या भिंतीवर स्वतःचं भलंमोठं चित्र लागावं म्हणून त्यांनी ताईंशी कडाक्याचं भांडण केलं होतं. त्यांच्या टेबलावर रंगाच्या पिळलेल्या नळ्या, सुकलेले ब्रश, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा आणि विद्यार्थ्यांचे कागद, सगळं एकमेकांत कालवलेलं होतं.

ताईंनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. चित्र कुणाचं ते मुद्दाम सांगितलं नाही.

विभागप्रमुखांनी भुवया आक्रसल्या. “मास्तरांच्या हाताखालचं कुणीतरी आहे. सावली बघा, निळ्यातून काढलीय. ही त्यांचीच खोड. पण हात आखडलेला आहे. बऱ्याच वर्षांनी ब्रश धरलाय. कोण आहे हा?”

“तेच शोधतेय. तुम्ही तर नाही?”

“मी?” ते खवळले. “मी काढलं असतं तर सही केली असती, वीतभर!”

हे मात्र ताईंना शंभर टक्के पटलं.

जिन्याकडे वळतात तो समोर ऑफिसचा शिपाई. “ताई, रजिस्ट्रारसाहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. दालन उघडलं होतंत ना, त्यावरून.”

४

रजिस्ट्रार म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. त्यांच्या टेबलावर पेन्सिली टोकं एका दिशेला करून निजलेल्या असत. कुणी बोलता बोलता त्यांतली एक हलवली, तर ते बोलणं चालू ठेवून ती परत जागेवर नेत. खिडकीवर जाड पडदा ओढलेला होता, भर दिवसा दिवा चालू.

“दालन बंद ठेवायला सांगितलं होतं,” ते म्हणाले.

“निरोप मिळाला नाही, साहेब. विजेचे लोक कधी येणार आहेत?”

“येतील.” त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली आणि सोडली. “तुम्ही आत… सगळं ठीक होतं ना?”

आता खरं सांगावं, तर सोमवारची वाटही बघायला नको. दालनाचा निकाल इथंच लागेल. त्या म्हणाल्या, “एक वर्ष चुकलं होतं. दुरुस्त केलं.”

“बरं.” त्यांनी मोठा श्वास सोडला. “मग आता सोमवारी सकाळीच उघडा. त्याआधी नको. कृपा करून.”

एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून ‘कृपा करून’ त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी जेवायला त्या घरी गेल्या, पण घास उतरेना. सासूबाई समोर बसल्या होत्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पण चौकशी करायची सवय न सुटलेल्या. त्यांच्यापुढं काही लपत नसे, म्हणून ताईंनी सगळं सांगून टाकलं.

“अगं, सकाळपासून तू गेलेल्या बाईच्या मागे धावतेयस,” सासूबाई म्हणाल्या. “गेलं त्याचं राहू दे. आलंय काय, ते नीट बघितलंस का? दाखव बघू फोटो.”

त्यांनी मोबाइल नाकाला लावला. “हे झाड तुमच्या कॉलेजमागचंच ना? खिडकीवर आडवी यायची ती मोठी फांदी कुठंय?”

ताई बघतच राहिल्या. मास्तरांच्या चित्रात एक जाड फांदी खिडकीवरून आडवी गेली होती. या चित्रात तिथं गोल, फिका डाग होता. कापल्याची खूण. तारांना लागते म्हणून ती फांदी गेल्याच वर्षी तोडली होती.

“म्हणजे यानं मास्तरांच्या चित्रावरून नाही काढलं,” ताई उठतच म्हणाल्या. “तिथं बसून, बाहेर बघून काढलंय. गेल्या वर्षानंतर. त्याच खिडकीतून!”

“मग बघत काय बसलीस? खिडकी शोध. आणि ताट तसंच ठेव, मी झाकते.”

५

मास्तरांचा तो मोठा वर्ग केव्हाच मोडला होता. भिंती घालून त्याच्या खोल्या केल्या होत्या, आणि त्यांतल्या नेमक्या दोनच झाडाच्या बाजूला उघडत. पहिली विभागप्रमुखांची. ताई त्यांच्या खिडकीशी गेल्या. सरकती काच, ॲल्युमिनियमची चौकट. फोटोत लाकडी झडपा होत्या. शिवाय फोटोत झाडाच्या डावीकडे पाण्याची टाकी उघडी दिसत होती. इथून ती खोडामागे पार लपली होती.

“आता काय राहिलं?” विभागप्रमुख करवादले.

“काही नाही. तुम्ही सुटलात,” ताई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

शेजारच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. शिपाई बाहेर स्टुलावर बसला होता.

“साहेब जेवायला घरी गेलेत. हल्ली रोज जातात. पूर्वी डबा आणायचे.”

“एक कागद ठेवायचाय टेबलावर.”

ताई आत शिरल्या. त्यांनी जाड पडद्याचं टोक धरलं आणि एका झटक्यात बाजूला सारलं.

लाकडी झडपा. बाहेर झाड, त्याच्या खोडावर कापलेल्या फांदीचा फिका गोल. डावीकडे मोकळी उभी असलेली टाकी. आणि कट्ट्यावर काचेचा एक पेला, तळाशी निळा रंग वाळून बसलेला.

ताई रजिस्ट्रारच्याच खुर्चीत बसल्या. समोर त्या पेन्सिली एका रेषेत झोपल्या होत्या. स्क्रूंच्या खाचांसारख्या.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊ लागली. पेटीतली किल्ली यांच्या हाताशी. दालन बंद ठेवण्याचा हुकूम यांचाच. रखवालदार खोटं बोलला नव्हता. बाहेरून आत कुणी आलंच नव्हतं. आतून बाहेर कोण गेलं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि रोज सगळ्यांत शेवटी जाणाऱ्या रजिस्ट्रारच्या गाडीत डोकावायची त्याची काय बिशाद!

पण का? दालनाला बदनाम करायचं, तर चित्र नुसतं पळवलं असतं. महिनोन्‌महिने खपून दुसरं कशाला काढलं असतं? आणि काढलं, तर त्यात बाई का नाही काढली?

ताईंनी प्रदर्शनाची पुस्तिका पर्समधून काढली. मुखपृष्ठावर ती होती. निळ्या कपड्यातली, मान कलती करून, चिमटीत कानाची पाळी धरून.

सकाळी हीच चिमटी त्यांनी पाहिली होती. याच टेबलापलीकडे.

६

रविवारी सकाळी रजिस्ट्रारनी दार उघडलं, तेव्हा ते घरच्या कपड्यांत होते. ताईंना बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण दार त्यांनी लावून घेतलं नाही.

“पोलीस बरोबर आहेत?”

“नाही. मी एकटीच आलेय. साहेब, त्या तुमच्या आई आहेत ना? चित्रातल्या?”

ते दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, “आत या. आवाज हळू ठेवा.”

आतल्या खोलीत उजेड होता. आरामखुर्चीत एक म्हातारी बसली होती, पांघरुणातून बोटं हलत होती. ठाक, ठाक, ठाक. मांडीवर नसलेला टाइपरायटर ती चालवत होती. समोर दोन खुर्च्या जोडून त्यांवर ‘जेवणाची सुट्टी’ ठेवलेली होती, खाली घडी घातलेली मऊ चादर.

“आरशात बघते ती ओळखू येत नाही तिला,” रजिस्ट्रार दबल्या आवाजात म्हणाले. “घाबरते. म्हणते, ही म्हातारी कोण घरात शिरली? मलाही ओळखत नाही. जेवण दिलं की म्हणते, आपण कोण, आपले उपकार झाले. म्हणून दुपारी घरी येतो. परक्याच्या हातचं ती खात नाही, आणि मीही परकाच, पण त्यातल्या त्यात रोजचा.”

“विचारलं असतंत तर मी…”

“कुठल्या तोंडानं? ‘एकही चित्र आवाराबाहेर जाणार नाही’ या नियमाखाली माझीच सही आहे. आणि दालन बंद करा म्हणून मीच कंठशोष केलेला.” त्यांनी कानाची पाळी धरली. “तुम्हाला वाटत असेल, मला चित्रांचं वावडं आहे. मी मास्तरांकडे रविवारी शिकायचो. वडील गेले, नोकरी धरली, ब्रश सुटला. पण रोज त्या चित्रावरून जायचं, तिथं ती तरणीताठी बसलेली बघायची, आणि घरी येऊन ऐकायचं, आपण कोण? मला ते दालनच डोळ्यांसमोर नको झालं होतं.”

“म्हणून परत रंगवायला घेतलंत?”

“ऑफिस सुटल्यावर. मापसुद्धा मास्तरांचंच घेतलं. समोर दिसतं ते काढायचं, असं ते शिकवायचे. खिडकी दिसत होती, ती काढली. आई तिथं दिसत नव्हती.” त्यांनी आईकडे पाहिलं. “तिला काढायचं धाडसच झालं नाही हो. मग डॉक्टर म्हणाले, जुनं काहीतरी दाखवून बघा. दोन दिवसांचा प्रश्न होता. सोमवारी पहाटे मी परत लावणार होतो. रिकामी चौकट ठेवून जायला मन धजेना, म्हणून माझं चित्र बसवलं.”

“मग? काही फरक पडला?”

उत्तर खुर्चीतून आलं. बोटं थांबली होती. म्हातारी चित्राकडे बोट दाखवत होती.

“ही अजून बसलीय बघा. हिला कुणीतरी सांगा, जेवणाची सुट्टी संपली. साहेब ओरडतील.” मग तिनं रजिस्ट्रारकडे पाहिलं, आणि कपाळावरची आठी विरघळत गेली. “छोट्या, उभा का? त्या बाईंना बसायला दे की.”

रजिस्ट्रार खुर्ची आणायला वळले ते वळलेच. पाठमोरे बराच वेळ उभे राहिले.

“कालपासून तिसऱ्यांदा,” ते म्हणाले. “छोट्या. त्याआधी कित्येक महिने नव्हतं म्हटलं.”

ताईंनी स्वतःच खुर्ची ओढून घेतली. त्या म्हातारीजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, “साहेब, चित्र आज परत जाईल. त्यात तडजोड नाही. ते माझ्या ताब्यात दिलेलं आहे.”

“हो.”

“आणि समितीपुढं काय सांगायचं ते तुम्ही सांगायचं. मी तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही.”

“मीच सांगणार होतो. विश्वास ठेवा अगर नका ठेवू.”

“ठेवते. पण आणखी एक. तुमचं चित्र मी परत देणार नाही. उद्या ते मास्तरांच्या शेजारी लागेल, तुमची परवानगी असली तर. आणि आईंना घेऊन या.”

७

सोमवारी दालन माणसांनी फुललं होतं. समितीच्या बैठकीत रजिस्ट्रार उभे राहिले आणि काहीही न लपवता सगळं बोलले. आवाज मात्र त्यांचा नेहमीचा नव्हता. शेवटी दालन बंद करण्याचा आपला प्रस्ताव त्यांनी मागे घेतला.

प्राचार्यबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नियम मोडला, त्याचा खुलासा लेखी द्या. दालनाची किल्ली यापुढं तुमच्या पेटीत राहणार नाही,” त्या म्हणाल्या. “शिक्षा काय ते नंतर ठरवू, आणि ती होईल. आता आपण सगळे खाली जाऊन ती दोन चित्रं बघू या. ती न बघता दालनाचं ठरवायला निघालो होतो आपण.”

खाली पुतणी म्हातारीच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली होती. काकांनी जिचं नाव आयुष्यात घेतलं नाही, तिचा हात ती सोडायला तयार नव्हती. “तुम्ही आमच्या काकांना ओळखायचात?” तिनं विचारलं.

म्हातारीनं विचार केला. “फार हलू नका म्हणायचा,” ती म्हणाली, आणि एवढी हसली, की आजूबाजूचे सगळे हसायला लागले.

चित्र आता पुतणीला घरी न्यायचं नव्हतं. जाताना तिनं अर्ज मागे घेतल्याचं ताईंना सांगितलं.

समितीनं परीक्षांचा हॉल दुसरीकडे बांधायचं ठरवलं. रजिस्ट्रारची एक बढती हुकली. पण त्यांना फार वाईट वाटलंय असं कुणाला दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात, दालनाच्या सुट्टीच्या दिवशी, ते रंगांची पेटी आणि आईला घेऊन आले. ताईंनी उत्तरेकडची खिडकी उघडून दिली आणि आपल्या टेबलावर कामाला बसल्या. विभागप्रमुख काहीतरी विसरल्याचा बहाणा करून दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा हळूच म्हणाले, “मनगट सैल सोडा, साहेब. बाकी बरं चाललंय.”

दुपारच्या उबेनं म्हातारीचा डोळा लागला. रजिस्ट्रार थांबले, थोडा वेळ नुसते बघत राहिले, मग तशीच, मिटल्या डोळ्यांची आई रंगवू लागले. कपाळ झालं, गाल झाले, पापण्या झाल्या.

“छोट्या,” डोळे न उघडताच ती म्हणाली, “मला झोपलेली काढू नकोस हं. लोकांना वाटेल, कामचुकार होती.”

“बरं, आई,” ते म्हणाले. त्यांनी फडकं घेतलं, पापण्यांवरचा ओला रंग अलगद पुसला आणि डोळे उघडे काढायला घेतले.